स्टेशन आवं

"मास्तर, तुमचा शेवगा माझ्या बायकोच्या आड येतोय."

रविवारी सकाळी कुणी हातात कोयता घेऊन दारात उभा राहिला आणि असं म्हणाला, तर भल्याभल्यांना घाम फुटेल. मला फुटला नाही, कारण समोर आमचे शेजारी निकम सुभेदार होते. फौजेत चोवीस वर्षं सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी निरोपांच्या कामात, काढलेला माणूस. त्यांच्या बोलण्याचं नवल करायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

भानगड अशी होती. पेन्शन झाल्यावर सुभेदारांनी साताऱ्यात घर बांधलं, वशिल्यानं फोनही लवकर मिळवला, आणि मळ्यावरून बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, आणलं. काकी आठ दिवस राहिल्या आणि म्हशीला इथलं पाणी मानवत नाही म्हणून परत गेल्या. आता म्हैस काही साताऱ्यात आणलेलीच नव्हती, पण हे काकींना सांगणार कोण? तेव्हापासून सुभेदार गावात आणि काकी दोन मैलांवर मळ्यात. आमच्या दोघांच्या गच्चीवरून मळ्यातली चुन्यानं रंगवलेली खोली दिसायची. सुभेदार रोज सकाळी दुर्बिणीतून तिची पाहणी करत आणि "सब ठीक" म्हणून चहाला बसत.

त्यातच सांगलीला दिलेली त्यांची लेक दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. डॉक्टरांनी तिला हलायची बंदी केलेली. कधीही फोन येईल आणि तो येणार साताऱ्याच्या घरी. काकींना कळवायचं कसं? मी आपलं सरळ म्हटलं, सायकल काढायची आणि जायचं. सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत काय शिकवत असेन याची त्यांना काळजी वाटली असावी. सिग्नलचा माणूस निरोप घेऊन सायकलवर जाणार?

मग त्यांनी लांब पल्ल्याचा कॉर्डलेस फोन पैदा केला: खोका घरच्या फोनला जोडलेला, हातात धरायचा भाग मळ्यात. गच्चीवर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा एरियल उभारला, तसलाच दुसरा मळ्यातल्या खोलीवर. काकींना ते बटणांचं हलकं खेळणं हातात धरवेना. फोन म्हणजे कसा वजनदार पाहिजे. तेव्हा सुभेदारांनी त्याचं पोट फाडलं, आतल्या तारा बाहेर काढल्या आणि जुन्या बाजारातून आणलेल्या काळ्या डबड्या फोनला जोडल्या. "दोनी टोकाला तार हाय," ते मला समजावून सांगत, "मधी नुसता हवेचा पूल." त्या पुलाच्या आड आमचा शेवगा येत होता. तो अर्धा कापला गेला आणि पंधरा दिवस आमच्या घरात शेंगांच्या आमटीशिवाय काही शिजलं नाही.

पूल उभा राहिला, पण वाहतुकीचे नियम फौजेचे. दोघं एकदम बोलली की यंत्र शिट्टी मारी, म्हणून बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं आणि समोरच्याचं ओव्हर येईपर्यंत गप्प राहायचं. काकींनी हे पटकन उचललं. अडलं पुढच्या नियमावर. बोलण्याआधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव घ्यायचं! काकींनी कानाला हात लावला. नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि तेही हवेत सोडून द्यायचं? सुभेदार हटून बसले. नियम म्हणजे नियम. शेवटी काकींनी पदर डोक्यावरून घेऊन, लाजत, चांगला चार ओळींचा उखाणा घेऊन नाव घेतलं. उखाणा संपेपर्यंत निम्मी बॅटरी उतरली, असं सुभेदारांचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून काकी नुसतं "आवं" म्हणू लागल्या. सुभेदारांनी तक्रार केली नाही. वहीत रीतसर नोंद केली, 'स्टेशन आवं', आणि स्वतःही काकींना त्याच नावानं हाक मारू लागले. आता दोन्ही बाजूंना एकच नाव झालं तर नियमाचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, गनीम गोंधळात पडतो.

गनिमाचं माहीत नाही, पण आमचा टीव्ही गोंधळात पडला. सुभेदारांचा एरियल आमच्या एरियलला खेटून. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या, की पडद्यावर बाई बोलते आहे आणि आवाज सुभेदारांचा: "वैरण टाकलीस का? ओव्हर." मागोमाग काकींचं उत्तर. हे त्यांना सांगायचं मी रोज ठरवी आणि रोज उद्यावर ढकली. खोटं कशाला बोलू, बातम्यांपेक्षा ते बरं वाटायचं.

यथावकाश सांगलीचा फोन आला. सुभेदारांनी तो हवेच्या पुलावरून पार केला, आणि नात झाल्याचं काकींनी त्या काळ्या फोनवर, जावयाच्या तोंडून ऐकलं. सुभेदारांनी गल्लीत पेढे वाटले. पेढे नातीचे की यंत्राचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हैस वाटेकऱ्याच्या गोठ्यात बांधून काकी दुपारच्या एसटीनं सांगलीला गेल्या, त्या सव्वा महिन्यासाठी.

आणि तिसऱ्या संध्याकाळी आमच्या टीव्हीत मळ्यातली घंटी वाजली.

"स्टेशन आवं, स्टेशन आवं. लाइन टेस्टिंग."

मी हसलो. रिकाम्या खोलीत कुणाची टेस्टिंग? पण सुभेदार पुढं बोलतच राहिले. आमटी खारट झाली. म्हशीला बघायला गेलो, तिनं मान फिरवली. तुझं गुडघ्याचं तेल इथंच राहिलं, तिकडं काय लावतीस? मग म्हणाले, "कवा येणार हायस, ते मी इचारत न्हाई. नुसती लाइन बघतोय. ओव्हर."

आणि ते थांबले. नियमाप्रमाणं, समोरच्याची पाळी म्हणून. आमच्या हिनं हातातलं निवडणं खाली ठेवलं. मला माझ्याच हसण्याची लाज वाटली.

हे रोज सुरू झालं. मी एकदा आडून सुचवलं, सांगलीला फोन लावा की. सुभेदार उखडले. व्याह्याच्या घरी फोन करून बायकोला बोलवून घ्यायचं? चार माणसं काय म्हणतील?

शेवटी मीच नातीच्या चौकशीचं निमित्त करून सांगलीला फोन लावला. काकी फोनवर आल्यावर सगळं सांगून टाकलं, टीव्हीसकट. त्या इतका वेळ गप्प राहिल्या, की मीसुद्धा सवयीनं "ओव्हर" म्हणून गेलो.

"चोवीस वरसं पत्रं यायची," काकी हळू म्हणाल्या. "समदी म्हशीची चौकशी. मी समोर असल्यावर बी असलं कायबी बोलत न्हाईत वं." मग म्हणाल्या, "तुमी फोन केलता, ते त्यास्नी सांगू नगा."

सव्वा महिना भरायला अजून बारा दिवस होते. दोन दिवसांनी संध्याकाळी नेहमीप्रमाणं घंटी वाजली. सुभेदारांनी टेस्टिंग सुरू केली. आज भाकरी जरा गोल झाली, पण करपली. नातीचं नाव काय ठेवणार, ते कुणी कळवलं न्हाई. घर मोठं बांधलं, चुकलंच जरा. ओव्हर.

थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग काकींचा आवाज.

"दुपारीच आले. मळ्यातच उतरले. बोला, ऐकतीया मी."

पडद्यावरची बाई हवामान सांगत होती. मग सुभेदार म्हणाले, "काय न्हाई गं, लाइन..."

आमची ही उठली आणि तिनं टीव्ही बंद केला.