बरणीतली बी विंग

माती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, एक बरणी पुरते! हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं. विषय होता आमच्या बी विंगमागची बाग. तिथं लावलेला मोगरा दर वेळी मान टाकायचा.

आमचे सेक्रेटरी दिपेश, मूळचे तळवलीचे. ते म्हणाले, "ट्रकभर लाल माती टाकू, विषय संपला."

"आधी आहे त्या मातीत काय आहे ते बघू," मी म्हटलं. "पाण्यात घुसळून ठेवायची. वाळू लगेच तळाला बसते, तिच्यावर गाळ, शेवटी चिकणमाती. थर दिसले की मातीची कुंडली तयार!"

रविवारी सकाळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत माती आणि पाणी घालून मी ती अशी घुसळली, की खांदा निखळायचाच बाकी होता. आता ती दिवसभर हलता कामा नये.

"माझ्या ओट्यावर चिखल नको!" आमच्या सौ. अरुणाबाईंनी निकाल दिला.

मग बरणी खाली लिफ्टशेजारच्या टेबलावर ठेवली. कुणी हात लावू नये म्हणून चिठ्ठी चिकटवली: 'बी विंग. नमुना. हलवू नये.' आणि चहा-पेपर उरकून निवांत आंघोळीला गेलो.

डोक्याला शाम्पू, अंगाला साबण, आणि नळानं एक उचकी दिली. मग गप्प!

"अरुणा! पाणी गेलं!"

"गेलं नाही, टाकी रिकामी करतायत!" तिनं दाराच्या फटीतून फोन आत धरला. "ग्रुपवर बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या भाविकानं बी विंगच्या पाण्याचा फोटो टाकलाय. चहासारखं पाणी! पण अहो, बरणी आपलीच दिसतेय."

फोटोखाली नुसता भडका उडाला होता. एकीचं पोट कालपासून दुखत होतं. एकाचे केसही याच पाण्यानं गळले होते!

टॉवेल गुंडाळून मी गच्चीवर धावलो. निम्मी सोसायटी तिथंच. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा, टाकी जवळजवळ कोरडी.

"थांबा! ती बागेतली माती आहे! मीच कालवलीय!"

सगळे माझ्याकडं वळले. वाऱ्यानं अंगावरचा साबण वाळायला लागला.

दिपेश शांतपणे म्हणाले, "काका, मंग चिठ्ठीवर 'माती' लिवायला काय झालं होतं?"

आता ही माणसं मलाच टाकीत उतरवतात, या भीतीनं मी टॉवेलची गाठ घट्ट केली. तेवढ्यात दिपेशनी टॉर्च मारून आत डोकावलं, काठीनं तळ उकरला.

"पन काका, हितं बगा. तळाला बोटभर गाळ हाय! खाली वाळू, वर चिकनमाती. तुमी सांगितलं तसंच!"

टाकी शेवटची कधी धुतली होती, कुणालाच आठवेना.

"म्हणजे काकांमुळेच कळलं!" भाविका म्हणाली, आणि चक्क टाळ्या पडल्या. मी एका हातानंच नमस्कार केला.

संध्याकाळी टाकी घासून झाली, पाणी आलं, माझी उरलेली आंघोळ झाली. बरणीतही थर बसले होते. जवळजवळ सगळी वाळू आणि बांधकामाचा चुरा! मोगरा बिचारा जगणार कशावर? मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. कुणी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात ए विंगच्या राहीबाई, हातात पाण्याची बाटली.

"काका, आमचंपन पानी जरा बगता का? तुमाला नुसतं बगून समदं कलतं म्हनं!"

खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण एवढा मान सोडवेना! बाटली हातात घेतली, उजेडात धरली, दोनदा हलवली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "उद्या या."