डोमाजीकाकांचे दात

मटणाचा एक घास चावला की डोमाजीकाका त्या बैलाचा धंदा सांगत. "हा घाण्याचा. जिंदगीभर एकाच अंगानं फिरला." किंवा, "हा काटोलकडचा. संत्र्याच्या बंड्या ओढल्या यानं." खरंखोटं करायला बैल काही येत नसे.

"काकाजी, त्याचं लगन कधी झालं तेही सांगा!" समोरची पार्बती ओरडायची.

"जीभ लबाड रायते वं. दाताले इचार!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकता टाकता काका निवृत्त झाले. बायको काशीबाई गेल्यापासून माझ्या भिंतीपलीकडे एकटेच राहत. दर रविवारी सायकलवरून मोठ्याचं, म्हणजे बैलाचं मटण आणत आणि तासाभरात चुलीवरून उतरवत. "मऊच खाचं हाय तं वांगं खा ना!" एक वाटी मला असायचीच. माझी डावी दाढ त्या वाटीतच गेली. तारीख वहीत आहे. मी सगळ्याच गोष्टींची नोंद ठेवते.

आठ वर्षांनी त्यांचा मुलगा मिलिंद विलायतेहून पंधरा दिवसांसाठी आला. बॅगेतून बीफचे चार डबे निघाले.

"बाबा, लोण्यासारखं असतं हे."

काकांनी डबा कानाशी नेऊन हलवला. "यातल्या बैलानं काम काय केलं?"

"काही नाही. तिकडे बैल नुसते चरतात."

"बेकार बैल! त्याले चव काहून रायन?"

संध्याकाळी काका भिंतीपाशी आले. आवाज खाली होता. "बाई, तुमी याद्या करता, तं एक परीक्षा घ्या. पोरगा तिकडं घर घेतो म्हणून राहिला. त्याची जीभ आपली हाय का तिकडची झाली, एवढं मले पाहाचं हाय. आपली असन तं येईन कधीतरी."

मी रविवार ठरवला. मसाला एकच, रस्सा एकच, पातेली दोन. एक नंबरच्या ताटलीत डब्यातलं, दोन नंबरच्या ताटलीत काकांनी आणलेलं. कुठल्या ताटलीत काय, हे फक्त मला ठाऊक. अंगणात पार्बतीसकट सगळी गल्ली जमली.

काकांनी आधी चाखलं. कोणाला दिसणार नाही अशी दोन बोटं मांडीवरून मला दाखवली. आपलं दोन नंबरचं. अचूक.

मग मिलिंद. दोन नंबरचा तुकडा त्याने बराच वेळ चावला आणि जबडा चोळला. एक नंबरचा तोंडात टाकला आणि थांबलाच.

"हे आपलं," तो म्हणाला. "एक नंबरचं. आई असंच करायची."

एक नंबरचं तर डब्यातलं. मी पेन्सिल वहीवर टेकवली. चूक ती चूक, असं मी आजवर मानत आले. पण मी तोंड उघडायच्या आत काकांनी मांडीवर थाप मारली.

"बरोबर! वळखलं पोरानं!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. पार्बती कशी गप्प बसेल? "मंग हा बैल काय काम करे, काकाजी?"

काका पहिल्यांदाच अडखळले. "हा... हा आराम करे."

मिलिंद परत गेला. दुसऱ्या दिवशी काका भिंतीपाशी.

"बाई, वहीत निकाल काय लिहिला?"

"जागा कोरी ठेवली."

"काशी तीन घंटे शिजवे. लोण्यावानी. मी वरडत जाओ, उतरव लवकर, डूटी हाय. तिनं पोराच्या दाताकडं पाहून शिजवलं." ते भिंतीवरचा चुना नखाने खरवडत होते. "पोरगं नाही विसरलं, बाई. मीच विसरलो होतो."

पुढच्या रविवारी त्यांचं पातेलं दुपारपर्यंत उतरलंच नाही. मग वाटी आली. मी सवयीने उजव्या बाजूने चावायला गेले, पण दातांना काही कामच उरलं नव्हतं.

काका उभेच. हातात विलायतेला धाडायचं निळं पत्र, कोरं.

"माझं अक्षर त्याले लागत नाही. तुमी लिहा."

"काय लिहू?"

"लिहा का, इथं आता तीन घंटे शिजते."