एल्डरची बांधी

प्रिय ईरा आणि कबीर,

परवा फोनवर ईरानं सांगितलं की तुमच्या दारावर टाय लावलेले दोन मुलगे आले होते. बाबांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं, टीव्ही बंद केला आणि ते जाईपर्यंत तुम्हा सगळ्यांना सोफ्यावर गप्प बसवून ठेवलं. मी तेव्हा खूप हसले. पण फोन ठेवल्यावर मनात आलं, असेच दोघं माझ्या वरच्या खोलीत एक पावसाळा आणि एक हिवाळा राहून गेले आणि मी तुम्हाला त्यांच्याबद्दल कधी नीट सांगितलंच नाही. तेव्हा आज सांगते. दुपारची कामं आटोपली आहेत आणि चष्मा पुसून घेतला आहे.

त्यांच्यातला मोठा कुठलंही पाणी दिसलं की एकच प्रश्न विचारायचा, "किती खोल हाय जी?"

कुठलंही म्हणजे अगदी कुठलंही. आपल्या मागची विहीर, पलीकडचा तलाव, तहसील कार्यालयापुढे साचलेलं डबकं, गच्चीवरची टाकी. टाकीच्या वेळी मी त्याला बजावलं, "ते प्यायचं पाणी आहे." तो म्हणाला, "हो आजी, फक्त विचारलं." एकदा मी कढीचं पातेलं घेऊन चालले होते. त्यानं तोंड उघडलं, मी डोळे मोठे केले, त्यानं तोंड मिटलं.

त्याचं नाव एल्डर मोआला. गाव टोंगा देशातल्या एका बेटावर. नकाशात न्यूझीलंडच्या वरच्या अंगाला माशी बसून गेल्यासारखे ठिपके दिसतात, त्यातला एक त्याचा. देह असा की वरच्या खोलीच्या चौकटीवर रोज सकाळी त्याचं डोकं आपटायचं आणि तो चौकटीला "सॉरी" म्हणायचा. वय एकोणीस. छातीवरच्या काळ्या पाटीवर लिहिलेलं, एल्डर. म्हणजे ज्येष्ठ! आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे पचणं कठीण. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "या घरात एल्डर मी आहे." तो गंभीरपणे म्हणाला, "हो आजी," आणि विषय संपला.

ते दोघं मॉर्मन पंथाचे. त्यांच्यातली तरुण मुलं दोन वर्षं घर सोडून सेवेला जातात. कुठं जायचं ते स्वतः ठरवायचं नाही, पाठवतील तिकडं जायचं. वरठीच्या कारखान्यात कामाला आलेली दोन-चार तेलुगू कुटुंबं त्या पंथाची होती. त्यांची रविवारची प्रार्थना, मुलांचे पाठ, आजाऱ्याची विचारपूस, हे या दोघांचं काम. रोज सकाळी इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून सायकलींवर वरठीला जायचे आणि अंधार पडायच्या आत घामानं भिजून परत यायचे. मोआलाच्या खाली ती सायकल लहान मुलाच्या खेळण्यासारखी दिसे. आपल्या मोहाडी गावात त्यांनी कुणाला आपण होऊन धर्माचं काही सांगितलं नाही. मीच एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. मी माझ्या शंका सांगितल्या. मग आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या.

तुम्हाला माहीत आहे, मी भाडेकरूंना पहिल्या दिवशी घरचे नियम वाचून दाखवते. या दोघांना वाचून दाखवले आणि मान वर केली, तर त्यांचे नियम माझ्यापेक्षा जास्त निघाले. चहा नाही, कॉफी नाही, सिनेमा नाही. पहाटे उठायचं, अभ्यास करायचा. आणि एकट्यानं कधीच राहायचं नाही. जोडीदार नेहमी नजरेच्या टप्प्यात हवा. मोआलाचा जोडीदार प्रसाद, राजमहेंद्रीचा, काडीसारखा सडपातळ मुलगा. त्याला चिखल, जळवा, बेडूक आणि पाणी या सगळ्यांची भीती. मोआला आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगापुढं बसला की प्रसाद मागं उभा. मोआला न्हाणीघरात, तर प्रसाद बाहेर पायरीवर पुस्तक उघडून.

संध्याकाळी मोआला तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या मातीच्या बांधावर, जाऊन बसायचा. पावसाळ्यात आपला तलाव कसा होतो, ते तुम्ही पाहिलेलं नाही. पलीकडचा काठ धुक्यात विरघळतो, आभाळ कुठं संपलं आणि पाणी कुठं सुरू झालं ते कळत नाही, आणि मधूनच एखादा डोंगा त्या दोन्हींच्या मधून तरंगत येतो. गावातली पोरं पाळीवरून धडाधड उड्या मारत. हा बूट न काढता, टाय न सोडता बसून राही. मला वाटलं, एवढा मोठा देह, पोहता येत नसेल. मी प्रसादला तसं म्हटलं. तो म्हणाला, "आंटी, तो समुद्रातच वाढला आहे. आमच्या नियमात दोन वर्षं पोहायला बंदी आहे."

मग हळूहळू मोआलाकडूनच कळलं. त्याची आजी रोज पहाटे समुद्रात जाते. आजीला त्यांच्यात कुई म्हणतात. याला चालता येण्याआधी तिनं याला पाण्यात सोडलं होतं. हा सेवेला निघाला तेव्हा तिनं सगळे नियम ऐकून घेतले. पोहायचं नाही, हे ऐकल्यावर म्हणाली, "मग तू परत येईपर्यंत मीही जाणार नाही. दोघं मिळूनच जाऊ."

सोमवार त्यांच्या सुट्टीचा. त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल. पडवीतल्या खुर्चीत हा बसला की खुर्ची कुरकुरायची, आणि फोनमध्ये एक गोल, सावळी, पांढऱ्या केसांची बाई दिसायची. मागं झाडं आणि त्याच्याही मागं निळं काहीतरी हलत असायचं. कॉलची सुरुवात ठरलेली. ती मान वाकवून आपले केस दाखवायची. हा मान वाकवून आपले दाखवायचा. दोघांचे कोरडे. मग दोघं हसायची आणि बोलणं सुरू व्हायचं. प्रसाद त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आणि मी कानाच्या. एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी सोमवारी भाजी पडवीतच निवडायची.

एका सोमवारी ते गोसीखुर्दचं धरण बघायला गेले. मीही गेले, गाडी मीच ठरवली होती. एवढं पाणी पाहून मोआला थेट काठापर्यंत चालत गेला. काठावर एक म्हातारा जाळं सोडवत होता. त्याला यानं विचारलंच, "किती खोल हाय जी?"

म्हाताऱ्यानं जाळ्यातून मान वर केली नाही. "आमचं गाव हाय खाली. घर बुडलं, घरावरचा कडुनिंब बुडला. तेवढं खोल."

मी ते मोआलाला इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यानंतर काही दिवस त्यानं तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला तेव्हा त्याला नवं खूळ लागलं. आपलं तलावाखालचं शेत शेवंता ठेक्यानं करते. तिच्या टोळीतल्या बायका बांधीत उतरून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. बांधी म्हणजे आपल्याकडचं चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत, नडगीभर पाण्यानं भरलेलं. हा बांधावर येऊन म्हणाला, "मी मदत करतो." बूट काढले, मोजे त्यात नीट ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरला.

"मॅडम, याले टाय तं काढाले सांगा," शेवंता ओरडली. "पऱ्ह्याची पेंढी बांधाचा दोर हाय का तो?"

रोवणा मागं सरकत करायचा असतो. हा पुढं जायचा आणि स्वतः लावलेलंच तुडवायचा. बायका हसून हसून चिखलात बसल्या.

"मांगं सरक गा, मांगं! तू तं बांधी तुडवून राहिला!"

"काहून जी?" तो विचारायचा. त्याचं सगळं मराठी शेवंताकडूनच आलेलं.

"काहून म्हणजे? समोर तुझं पाय ठेवाचं काम संपलं. आता तिथं धान राहीन."

मग तो ज्याच्या त्याच्या शेतात जाऊ लागला. वरठीहून आला की सायकल टाकायची आणि कुठल्या तरी बांधीत उतरायचं. प्रसाद बांधावर, छत्री धरून. शेवंता मला म्हणाली, "पोट्टा पैसा घेत नाई, चाय पेत नाई, मंग कायले येते जी हा?" मी म्हटलं, सेवाभाव. तसं मला खरंच वाटायचं. मग एका संध्याकाळी पाहिलं, बाकीच्या बायका पेंढ्या आणायला गेल्या होत्या आणि हा एकटाच बांधीच्या मधोमध डोळे मिटून उभा होता. पायाभोवती पाणी, पाण्यात ढग, ढगांत हा. मी बांधावर आहे हे कळल्यावर तो चोरी पकडल्यासारखा दचकला.

"हे पोहणं नाही ना, आजी?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"नाही. याला शेती म्हणतात," मी म्हटलं.

आणि मग तो सोमवार आला. मी पडवीत गवारीच्या शेंगा मोडत होते. कॉल लागला, हा मान वाकवून आपले केस दाखवून मोकळा झाला. पलीकडून काहीच झालं नाही. ती म्हातारी तशीच बसली होती. तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि खांद्यावर टॉवेल होता. ती काहीतरी बोलली, थोडंच. मग रडायला लागली. हा तिला हसून काही सांगत होता, पण मोठ्यानं, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. फोन बंद झाल्यावर खुर्ची बराच वेळ कुरकुरली नाही.

"ती समुद्रात गेली," तो म्हणाला. "आजी, ती म्हणाली, मला अजून एकदा जायचं होतं. अजून एकदा, म्हणाली."

"मग काय झालं?"

"तिला वाटतं, मी परत येईपर्यंत ती नसेल. तिनं माझी वाट बघणं सोडलं."

तो उठला आणि निघाला, प्रसाद त्याच्यामागं धावला आणि मी शेंगांचं सूप तसंच टाकून दोघांच्या मागं. शाळेत मी कधी मुलांच्या मागं धावले नव्हते.

तो तलावाच्या काठावर उभा होता. बुटांची टोकं पाण्याला लागलेली. पाणी अगदी निवांत होतं, वरून वाकून बघितल्यासारखं आभाळ त्यात उतरलेलं. त्याच्या आजीनं दिलेला शब्द आता तिनंच मोडला होता. तिथं त्याला अडवणारं होतं कोण? मी नव्हते. प्रसाद स्वतःचेच हात घट्ट धरून उभा होता, मोआला उतरला तर वाचवायला जाता येणार नाही हे ठाऊक असल्यासारखा.

मग मोआला वळला. पाळ उतरून शेताच्या बाजूला आला. शेवंताच्या बायका शेवटच्या बांधीत होत्या, अर्धी लावून झालेली. त्यानं बूट काढले, मोजे त्यात ठेवले, बांधीत उतरला आणि खाली बसला. पांढरा शर्ट, टाय, सगळ्यासकट. पाणी कमरेपर्यंत आलं. टायचं टोक तरंगू लागलं. प्रसादनं एकदा आभाळाकडं पाहिलं, बूट काढले आणि तोही उतरून त्याच्या शेजारी बसला. त्या मुलानं तोवर बांधीत बोटही बुडवलं नव्हतं.

"काय झालं जी यायले?" शेवंतानं विचारलं.

"घरची आठवण," मी म्हटलं.

"मंग बसू द्या," ती म्हणाली, आणि बायका त्या दोघांना वळसा घालून पऱ्हे लावत मागं मागं सरकत गेल्या.

मी बांधावर बसले. काही वेळानं विचारलं, "किती खोल हाय जी?"

तो थोडासा हसला. "बसण्यापुरतं हाय, आजी."

"मोआला, माझे गुडघे रोज दुखतात. उद्या डॉक्टरांनी मला पाण्यात बसायला सांगितलं आणि मी बसले, तर मी ईरा-कबीरची वाट बघणं सोडलं, असं होईल का?"

त्यानं माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं. "तुमचे गुडघे खरंच दुखतात?"

"रोज."

"पाण्यात बरं वाटतं?"

"सगळ्याच म्हाताऱ्यांना वाटतं."

पुढच्या सोमवारी त्यानं पहिल्यांदा कुईला गुडघ्यांचं विचारलं. तिनं फोन खाली नेऊन ते दाखवलेच, सुजलेले, पपईसारखे. मग त्यानं तिला काहीतरी ठासून सांगितलं. काय, ते प्रसादनं मला सांगितलं: रोज जा, आणि रोज परत ये. त्यानंतर दर सोमवारी ती ओले केस दाखवायची आणि हा कोरडे. त्यानं आपला शब्द शेवटपर्यंत पाळला. आणि बांधीत बसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दोघं जिथं बसले होते तिथली मोकळी जागा त्यानं स्वतः लावली होती. मागं सरकत, पण वाकडी, आणि एकेका ठिकाणी मूठभर पऱ्हे. तिथलं धान दाट आलं आणि वाऱ्यानं आधी आडवं झालं.

कापणीनंतर, हिवाळा सरता सरता ते गेले. जाताना त्यानं चौकटीला शेवटचं "सॉरी" म्हटलं. पुढं त्याची दोन वर्षं संपली तेव्हा मला एक व्हिडिओ आला. नुसतं निळं पाणी, त्यात दोन डोकी, एक पांढरं, एक काळं. काळं डोकं माझ्याकडं वळून ओरडलं, "आजी, लई खोल हाय जी!"

तुमच्या दारावर पुन्हा कुणी आलं, तर त्यांना चहा विचारू नका. पाणी विचारा.

शेवंता त्या शेवटच्या बांधीला अजून एल्डरची बांधी म्हणते. तिथं दर वर्षी धान होतं. कुई अजून आहे. मीही आहे.