अप्पांची शिंक

चटणी झाली की नाही हे सौंदर्याला कळत नव्हतं, आणि चटणीचा डंक चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट गिऱ्हाइकापुढे बोलता येत नाही.

उत्तरेश्वर पेठेतला तो डंक, म्हणजे चटणी कांडायची गिरणी, तिच्या वडिलांनी, विरूपाक्षअप्पांनी, जन्मभर चालवला. उन्हाळा लागला की पेठेतल्या बायका वाळवलेली मिरची, भाजलेला मसाला, खोबरं, लसूण घेऊन यायच्या आणि लोखंडी मुसळांखाली वर्षाची चटणी कांडून न्यायच्या. कांडप कधी पुरं झालं, हे ठरवायची अप्पांची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. ते खुर्चीवर बसलेले असायचे आणि एकाएकी दोनदा शिंकायचे. ते शिंकले की डंकावरचा गडी गुंडू बटण बंद करायचा. चटणी बोटांत चोळून बघायची कुणाला कधी गरज वाटली नाही.

अप्पा दिवाळीनंतर गेले. सौंदर्या पुण्यातली नोकरी सोडून आली, त्यांच्या खुर्चीवर बसली, आणि सीझनच्या पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की आपल्याला शिंक येत नाही. ती डंकाच्या वरच्या खोलीत वाढलेली. मिरचीच्या धुरळ्याचं तिच्या नाकाला काही वाटतच नव्हतं.

"गुंडूमामा, झाली का हो?" तिने हळूच विचारलं.

"मला काय ठावं? अप्पा शिंकलं की मी बटण दाबायचो."

"अहो, पण एवढी वर्षं बघताय ना तुम्ही?"

"कुठं बघतोय? माझं तोंड टॉवेलात असतंय."

मग सौंदर्याने खोटं शिंकायला सुरुवात केली. पहिली शिंक ऐकून एका बाईने तिला आल्याचा चहा घ्यायला सांगितलं. तेव्हा ती न्हाणीघरात दार लावून सराव करू लागली. आई रत्नव्वा बाहेरून वाफारा घेणार का म्हणून विचारायची. आठवड्याभरात शिंक बरी जमली. 'अप्पांचा जोर न्हाई,' असं बायका म्हणत, पण चटणी घेऊन जात. ती चटणी खरंच झालेली असते का, हा प्रश्न सौंदर्या मनाला विचारत नसे, कारण उत्तर काय येईल याची तिला भीती वाटे. त्यात समोरच्या डंकवाल्या अमरसिंहाने यंदा नवं मशीन आणलं होतं. कांडप झालं की ते आपोआप थांबायचं आणि भोंगा वाजवायचं. त्याला कसलीच शंका येत नव्हती.

अशात धोंडुबाई आली. धोंडुबाई जिथे चटणी कांडते तिथे तिची अख्खी गल्ली कांडते. तिच्या नातीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलं होतं. मुलगा बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला होता.

"पाव्हण्यांच्या घरात जाणार हाय ही चटणी," धोंडुबाई म्हणाली. "जाडीभरडी झाली तर पोरीला जल्मभर ऐकून घ्यावं लागंल. ध्यान दे."

एवढं बोलून तिने स्टूल ओढलं आणि सौंदर्याच्या नाकासमोर बसली. मुसळं पडत राहिली. धोंडुबाईची पापणी लवत नव्हती. असल्या नजरेसमोर खोटं शिंकणं अशक्य होतं. शेवटी सौंदर्या उठली, डंकावर वाकली आणि तिने छाती भरून श्वास घेतला.

खरीखुरी शिंक आली. एकच.

गुंडूने बटण बंद केलं. डंक थांबला.

"दुसरी?" धोंडुबाईने विचारलं.

"येतेय," सौंदर्या म्हणाली.

ती आली नाही. एकटी शिंक म्हणजे अपशकुन आणि जोडीची शिंक म्हणजे शुभ, हे पेठेतल्या पोरांना बाराखडीच्या आधी येतं.

"लग्नाच्या चटणीवर एकच शिंकलीस व्हय गं?" धोंडुबाईचा आवाज चढला. "आता दुसरी आल्याबिगर मी ह्याला हात लावायचो न्हाई."

रांगेतल्या बायका मदतीला धावल्या. एकीने सौंदर्याला उन्हात नेऊन सूर्याकडे बघायला लावलं. दुसरीने कापसाची वात नाकात घातली. काही झालं नाही.

"तोंडाकडं बघू नका तिच्या. लाजतीया पोरगी," तिसरी म्हणाली.

म्हणून सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गुंडूही राहिला. इतका वेळ डंक बंद का, हे बघायला अमरसिंह आला आणि पाठमोरी रांग बघून त्याने आधी चप्पल काढली.

"काय झालंय, मावशी?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"शिंकंची वाट बघतोय."

अमरसिंहाचा आवाज लगेच मोकळा झाला. "माझ्याकडं आणा की. आमच्यात शिंकबिंक काय न्हाई. भोंगा हाय."

"जोडीनं वाजतोय का?"

अमरसिंहाने प्रामाणिकपणे विचार केला. "एकदाच वाजतोय."

"मग गप बस." धोंडुबाई भिंतीकडे बघतच म्हणाली, "पण हिला दुसरी आली न्हाई, तर पुढच्या सालापास्नं सगळी गल्ली तुझ्याकडं."

पाणी पिऊन येते, असं सांगून सौंदर्या वर गेली. रत्नव्वा तांदूळ निवडत होती.

"अव्वा, डंक विकून टाकू या. मला नाही जमत. मला अप्पांसारखी शिंक येत नाही."

"त्यांना तरी कुठं यायची?" रत्नव्वा म्हणाली.

तिने उठून कपाटातून एक पितळी डबी काढून सौंदर्याच्या हातावर ठेवली. तपकिरीची डबी.

"लुंगीच्या कनवटीला असायची. पहिल्या सालात त्यांना कायबी कळायचं न्हाई. बाया सारख्या इचारायच्या, झाली का, झाली का. एक दिवस घाबरून ह्यातली चिमूट ओढली. शिंकलं. बाया म्हणाल्या, झाली. तवापासनं तेच."

"म्हणजे त्यांना कधीच कळलं नाही?"

"रोज रात्री ताटावर बसलं की मलाच इचारायचं, झाली असंल का गं?"

"मग तू काय सांगायचीस?"

"असंल, म्हणायचो. मला काय कळतंय चटणीतलं?"

सौंदर्या खाली आली. बायका अजून भिंतीकडेच बघत होत्या. तिने चिमूट घेऊन ओढली आणि शिंकली. धोंडुबाई "जोड लागली!" म्हणून वळली, तोवर तिसरी आली. बायका निमूट पुन्हा भिंतीकडे वळल्या. मग चौथी आली, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सौंदर्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चटणीच्या डंकावर त्याचं कारण कुणी विचारत नाही.

"दोन जोड्या!" धोंडुबाई डबा भरत म्हणाली. "अप्पासुद्दा कवा चार शिंकलं न्हाईत."

पुढच्या बाईने आपली मिरचीची पाटी सरकवली. "आता माझी घे. पण मलाबी चारच पायजेत. तिला चार आन् मला दोन, असलं चालणार न्हाई."

सौंदर्याने खुर्चीवर बसून ओढणीआड डबी पुन्हा उघडली. तिने घेतलेल्या चिमटीचा खळगा सोडला तर ती जाण्याआधी अप्पांनी काठोकाठ भरून ठेवलेली होती. यंदाच्या सीझनचीही अप्पांना खात्री नव्हती.