निळ्या पानाचा प्रयोग

विज्ञानाच्या तासाला एका मुलीने उकळलेल्या पानावर आयोडीन टाकले आणि पान निळे झाले नाही, ही बाब शाळेने गांभीर्याने घेतली. त्यातून मुलीने निरीक्षणात लिहिले, ‘निळे झाले नाही. कुंडी अंधारात होती म्हणून का?’ निरीक्षणात चक्क प्रश्नचिन्ह! पालकांना तातडीने पाचारण करण्यात आले.

आई वनस्पतींवर संशोधन करणारी. लेकीचे कौतुक करायला बोलावले असेल, या समजुतीने ती बिचारी नवी साडी नेसून आली.

“तुमच्या मुलीचा प्रयोग फसला,” विज्ञानाचे सर म्हणाले.

“फसला कुठे? अंधारातल्या पानात स्टार्च राहत नाही. तिनं बरोब्बर हेरलं!”

“मॅडम, प्रयोग म्हणजे प्रयोग. संहिता ठरलेली, तालीम झालेली. ऐन रंगात आल्यावर नटाला शंका येऊन कसं चालेल?”

“आमच्याकडे तर दहातले नऊ प्रयोग फसतात.”

“आणि तरी पगार देतात?” मुख्याध्यापिकांनी दबक्या आवाजात विचारले.

सर मात्र कसलेले होते. “ते फसलेले नऊ छापून येतात का हो?”

“नाही,” आईने कबूल केले. खरे तर इथेच तिचा निकाल लागला.

समिती बसली. दोष आनुवंशिक असल्याचे एकमताने ठरले. मुलीला विज्ञान शाखा हवी असल्यास तिने पालक-मेळाव्यात तोच प्रयोग यशस्वी करून दाखवावा, नाहीतर दुसरी वाट धरावी.

“कुंडी उन्हात ठेवू?” लेकीने विचारले.

“कुंडीची जागा मंजूर आहे. हलवायला वरून परवानगी लागते.”

“मग घरचं पान आणू?”

“ते अभ्यासक्रमात नाही,” असे म्हणून सरांनी तिच्या हातावर निळ्या शाईची बाटली ठेवली.

लेकीने आईकडे पाहिले. या पोरीला लहानपणापासून झाडांचेच वेड, दुसऱ्या कशात जीव रमायचा नाही. आईने तिच्या हातातल्या बाटलीचे बूच उघडले.

“लाव शाई,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. लेकीने काहीच विचारले नाही.

मेळाव्यात आयोडीनचा थेंब पडण्याआधीच पान निळेशार झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिका गहिवरल्या, सरांनी डोळे पुसले आणि मुलीचा प्रवेश पक्का झाला.

हसताय काय? पहिल्या रांगेत टाळ्या पिटत तुम्हीच तर बसला होता. पुढचा नंबर तुमच्या लेकराचा होता, आणि त्याच्या खिशात शाई शाळेने नाही, तुम्ही घातली होती.