मुसा बेतराम यांणीं वैशाखांत शेगड्या पेटविल्या त्याची हकीकत

द्राक्षवेलीस नमन, तिच्या आंबट रसास नमन, आणि तो रस पिऊन तोंड वांकडें न करणारांस साष्टांग नमन. शके सत्राशें बारा, साधारण नाम संवत्सर, वैशाख वद्यपक्षीं, दक्षिणेंत एका राज्यांत, ज्याचें नांव न घेणेंच बरें, टेकडीवरील द्राक्षमळ्यांत पहाटेस भिवराबाई शेगडी फुंकीत बसली होती आणि पुटपुटत होती जे, "आधींच अंगाची लाही होत्ये, त्यांत हा विस्तव. जन्म गेला ह्यांचा हट्ट फुंकण्यांत." हें शेजारीं उभ्या मुसा बेतराम यांणीं ऐकिलें आणि न ऐकिल्यासारखें केलें.

मुसा, म्हणजे त्यांचे बोलींत रावसाहेब, हे जातीचे फरासीस, मूळ नांव बेर्त्रां, तोफखान्याचे मुखत्यार आणि भिवराबाईचे यजमान. ऐन जवानींत जहाजांतून उतरले, किल्ल्यास वेढा पडला तेव्हां एकल्या तोफेनें गनीम पळविला, तेव्हांपासून राज्याच्या धनीण बाईसाहेब त्यांचा शब्द खालीं पडूं देत नसत. मुसांचा मुलूख शाब्ली. तेथील माती पांढरी, तींत शिंपले, आणि समुद्र मात्र कोसोगणती नाहीं. आणि त्या मातींत पांढरी दारू पिकते, जींत गोडी औषधालाही सांपडत नाहीं. मागें मुसांचे वडील वारले आणि भावानें वडिलांचे हातचें शेवटलें पीप व त्यांच्याच मळ्यांतील वेलींच्या काड्या ओल्या गोणपाटांत बांधून धाडिल्या. मग पीप दरबारीं फोडिलें. बाईसाहेबांणीं घोट घेतला आणि चुनखडी चाटल्यासारखी जीभ टाळूस चिकटून डोळ्यांस पाणी आलें. दिवाण त्रिंबकपंत यांणीं सोवळ्याचे कारणें नुसता वास घेतला आणि पिणारांहून अधिक वाखाणिली. मुसा तर वडिलांचे नांव घेऊन लेंकरासारखे रडले. मग बाईसाहेब बोलिल्या, "मुसा, ऐसी आपले येथेंच पिकवा," आणि टेकडी दिली, आणि कोंकणांतून गाड्या भरभरून शिंपले आणून मातींत कालविले, आणि काड्या लाविल्या, आणि त्या फुटल्या.

येथवर ठीक. परंतु शाब्लींत वैशाखाचे पहाटेस बर्फ पडतें आणि कोंवळे कोंब करपतात, सबब मुसांचे वडील ओळींमधून शेगड्या पेटवीत. ही गोष्ट मुसा हरएक मेजवानीस सांगत, दरबारास ती तोंडपाठ. वैशाख येतांच मुसांणीं शेगड्या मागविल्या. सर्वांणीं एकमेकांचे तोंडाकडे पाहिलें आणि कोळसे आणिले. कोंब उन्हांतून वांचले ते निखाऱ्यानें करपले. पहिले सालीं निम्मा मळा गेला. पंत म्हणाले, शिंपले कमी पडले. दुसरे सालीं दरबारचे जोशीबावांणीं दोष शनीवर घातला. तिसरे सालीं एकच ओळ उरली आणि ती गेली तर वडिलांची शेवटली काडी गेली, हें भिवराबाई जाणून होती. मुसा हल्लीं जेवणावरून उठत आणि त्या ओळीपाशीं जाऊन बसत.

तों बाईसाहेबांची पालखी आली आणि मागें दरबार, सर्वांचे अंगावर काश्मिरी शाली, कां जे मुसांस वाईट वाटूं नये. पंतांचे कपाळावरून घाम नाकावर आणि नाकावरून शालीवर पडत होता.

"आज गारवा बरा आहे," पंत बोलिले.

"बरा कसचा, हुडहुडी भरली," जोशीबावा बोलिले आणि शालीखालून पंख्यानें वारा घेऊं लागले.

मुसांणीं हात जोडिले आणि निखारा पुढें सारिला. त्या ओळींतला एक कोंब आंचेनें मुरडूं लागला. तों भिवराबाई उठली, घागर उचलली आणि शेगडीवर पालथी केली. वाफ निघाली तींतून तिचा आवाज आला, मोठा नव्हे, घरांत बोलतो तितकाच.

"अहो, इथं बर्फ पडत नाहीं. शेगडी लावून शाब्ली इथं येत नाहीं, आणि मामंजीही येत नाहींत."

मुसा कोंबावर तळहाताची सावली धरून बसले आणि बोलिले, "जाणतों." मग पंतांणीं प्रथम शाल उतरविली.

एवंच, शेगड्या विझल्या, एक ओळ वांचली, पुढें तिची दारू जाहली ती आंबटच जाहली, आणि भिवराबाई तिचा पहिला घोट घेऊन तोंड भरपूर वांकडें करिती जाहली. मुसा हांसले.