कूल माणसाचा अर्धा धडा

आशाबाईंच्या रामप्रसादचं लग्न आधीच जमत नव्हतं, त्यात आता मुलीकडून इंग्रजीची अट आली. पिंपळगाव रेणुकाईची वर्षाराणी शाळेत लहान मुलांना शिकवायची. तिचं म्हणणं एवढंच, की मुलाला थोडंफार इंग्रजी यावं. भिवामामांनी हा निरोप सांगितला आणि रामप्रसादच्या हातातला घास हातातच राहिला.

मुलगा तसा नावं ठेवण्यासारखा नव्हता. तिशी ओलांडलेली, थोडी शेती, थोडी मेंढरं, अंगापिंडाने भक्कम. गावात कुणाचंही जनावर सुटलं की ‘धरा’ म्हणेपर्यंत हा तिथे पोचलेला असायचा. पण लग्नाच्या बाजारात या गुणाला कुत्रं विचारत नव्हतं. याआधीच्या सगळ्या मुलींना पुण्याची नोकरी हवी होती. आता हीसुद्धा नाही म्हणाली तर जन्मभर आईच्याच हातची भाकरी, हे त्याला कळून चुकलं होतं.

त्याने जाफराबादला कल्याण सरांचा क्लास लावला. पहिल्याच दिवशी सरांनी ‘कूल माणूस’ नावाचा पाठ काढला.

“व्याकरण पाठ करायचं नसतं,” सर म्हणाले. “ते अंगात मुरवायचं असतं. जे वाक्य वाचलं ते घरी जाऊन करून बघायचं. ही इज कूल, म्हणजे तो कूल आहे. मंग आय ॲम कूल म्हणजे?”

“मी कूल आहे!” सगळा वर्ग ओरडला.

“ओरडू नका. कूल माणूस ओरडत न्हाई.”

पाठातला हा माणूस कमी बोलायचा. घाई कधीच करायचा नाही. आधी हसायचा, मग उत्तर द्यायचा. सगळे पळायला लागले की हा शांत बसून राहायचा. पाठ इथपर्यंत आला आणि वीज गेली. उरलेला भाग सरांनी मंगळवारवर टाकला. मुलगी बघायला जायचं होतं रविवारी.

रामप्रसादने अर्धा तर अर्धा, पण पाठ जीव लावून अंगात मुरवला. मेंढरांमागे तो रमतगमत जाऊ लागला. आईने हाक मारली की आधी हसायचा. शेवटी आशाबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“तुला बरं न्हाई का रे?”

रामप्रसाद हसला. “आय ॲम कूल, माय.”

“ताप तर न्हाई,” आशाबाई भावाला म्हणाल्या. “मंग हे काय करून राह्यलं पोरगं?”

“इंग्रजी हाय ते,” भिवामामांनी धीर दिला. “अंगात भिनायला टाइम लागतो.”

रविवारी पिंपळगावला मुलीच्या वडिलांनी, राधाकिसनरावांनी, अंगणात सतरंजी अंथरली होती. पोहे आले. वर्षाराणी समोर येऊन बसली.

“काय पावणं, पाणी-पाऊस कसाय तुमच्याकडं?” राधाकिसनरावांनी विचारलं.

रामप्रसाद हसला. चांगला ऐसपैस हसला. मग म्हणाला, “गुड.”

“गुड कसलं? तिकडली सोयाबीन पिवळी पडली म्हंत्यात.”

रामप्रसाद पुन्हा हसला. भिवामामांनी घाईघाईने पोह्यांचं कौतुक सुरू केलं. तेवढ्यात मुलीची आत्या गिरिजाबाई पुढे सरकल्या.

“आमची माय मागल्या म्हैन्यात गेली. या पोरीचं लगीन बघायचं तिचं राहूनच गेलं बघा,” असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

अशा वेळी काय करायचं ते पाठात दिलेलं नव्हतं. रामप्रसाद हसला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं आशाबाईंना झालं. धरणीने काही घेतलं नाही, पण गोठ्याकडून आरोळी आली.

“एडका सुटला! धरा, धरा!”

मेंढरं राखणाऱ्या घरांत या हाकेला पाहुणा न् घरचा असा भेद नसतो. जो जवळ असेल त्याने उठायचं. नवरदेव असला तरी तो बाशिंग सावरत उठतो. राधाकिसनराव उठले, भिवामामा उठले, गुडघे धरत आशाबाईही उठल्या. एडका, चांगला दांडगा मेंढा, पोह्यांच्या बशा उडवत सतरंजीवरून आला आणि रामप्रसादच्या समोरून गेला. एडक्याचं तुटलेलं दावं रामप्रसादच्या पायावरून सरपटलं. नुसता पाय दाबला असता तरी भागलं असतं.

त्याच्या अंगातलं हाडन् हाड ऊठ म्हणत होतं. पण सगळे पळत होते, म्हणजे त्याने बसायचं होतं. इतकं कष्टाचं काम बिचाऱ्याने जन्मात केलं नव्हतं. कपाळावरचा घाम गळत असताना तो बसून राहिला, आणि हसला.

शेवटी वर्षाराणीच उठली. नव्या साडीचा पदर खोचून ती अंगणापलीकडच्या कपाशीत शिरली आणि एडक्याला शिंगाला धरून घेऊन आली. साडी फाटली होती, कोपर सोलटलं होतं. धापा टाकत तिने रामप्रसादकडे पाहिलं. बोलायची हीच वेळ, असं त्याला वाटलं.

“नो टेन्शन,” तो म्हणाला.

परतीच्या जीपमध्येच भिवामामांच्या फोनवर नकार आला.

“इंग्रजी कमी पडलं काय मामा?” रामप्रसादने विचारलं.

“इंग्रजीचं काय घेऊन बसला? पोरगी म्हणली, न्हाई आलं तर मी शिकवलं असतं. त्यांनी तुझी ख्याती ऐकून बोलावल्तं. हाकेच्या आधी उठणारं पोरगं हाय, असं मीच सांगितल्तं त्याह्यला. राधाकिसनराव म्हणले, हे तर हाकेला हसून राह्यलं.”

रामप्रसाद आता हसला नाही. आयुष्यात एक गोष्ट धड येत होती, तीच आपण शिकून घालवली, हे त्याच्या ध्यानात आलं. आशाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मंगळवारी तो क्लासला गेला, कारण घरी बसवत नव्हतं. पहिला अर्धा पाठ त्याला तोंडपाठ असल्याचं पाहून सर खूश झाले आणि उरलेला पाठ वाचायला त्यांनी त्यालाच उभं केलं. रामप्रसादने अक्षर अक्षर लावत पहिलं वाक्य वाचलं.

“व्हेरी गुड! आता अर्थ सांगतो, सगळ्यांनी म्हणा,” सर म्हणाले. “पण कुणी मदतीला हाक मारली, तर कूल माणूस सगळ्यांच्या आधी उठतो.”

वर्गाने वाक्य एका सुरात म्हटलं. रामप्रसादने पुस्तक बाकावर ठेवलं आणि तो दाराकडे निघाला.

“अहो रामप्रसाद, मधीच कुठं चालले?”

“पिंपळगावला, सर.”

“असं काय अर्जंट काम निघालं?”

“एडका धरायचाय.”